क्लच पेडल मऊ पडलंय? सेट टाकायच्या आधी जरा खाली वाकून बघा

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर एक विनंती. आजचा भाग घरी पोचल्यावर ऐका. मी बोलत राहीन आणि तुमचा पाय आपोआप क्लचवर जाईल. भर रस्त्यात ते प्रयोग नकोत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. दिग्रसकडचे एक श्रोते आहेत, भाड्याने बोलेरो चालवतात. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी पेशंट, पाहुणे, बी-बियाणं, जे मिळेल ते. त्यांचं म्हणणं साधारण असं: "भाऊ, क्लचचं पेडल एकदम मऊ झालं. पहिल्यांदा दाबलं तं खालीच जाते, गिअर टाकलं का कर्रर्र करते. दोन-तीन डाव पंप मारलं का मंग पडते बरोबर. गॅरेजवाला म्हणते क्लच गेला, पूर्ण सेट टाका. टाकू का?"

भाऊ, थांबा. अजून टाकू नका. "पंप मारलं का पडते" हे तुम्हीच सांगितलं, आणि अर्धं उत्तर त्यातच आलं. पंप मारल्यावर क्लच काम करतो म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट ही मंडळी बहुतेक ठीक आहेत. तुमच्या पायाचा जोर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये, एवढंच. पोस्टमन आजारी आहे म्हणून गावातली सगळी घरं पाडायची का?

आता हा पोस्टमन कोण, ते बघू.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा गाड्यांमध्ये क्लच हायड्रॉलिक असतो. पेडलच्या मागे एक छोटा सिलिंडर असतो, मास्टर सिलिंडर. आपल्याकडे गॅरेजात त्याला सरळ 'अप्पर' म्हणतात. तिथून बारीक पाइप खाली गिअरबॉक्सकडे जातो, आणि तिथे दुसरा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, म्हणजे 'लोअर'. मध्ये भरलेलं असतं ब्रेकचंच तेल. तुम्ही पेडल दाबलं की वरचा पिस्टन तेल ढकलतो, ते तेल खालच्या पिस्टनला ढकलतं, तो एक दांडा ढकलतो आणि क्लच सुटतो. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता ना? तोच हा, इथे पगारावर कामाला आहे.

यातला एक हिशोब मला फार आवडतो. समजा वरच्या पिस्टनची जाडी १६ मिलिमीटर आहे आणि पूर्ण पेडल दाबल्यावर तो ३० मिलिमीटर सरकतो. मग तेल किती हललं? सहा मिलिलीटर. चहाचा एक चमचा आणि वर थोडंसं! एवढ्या चमचाभर तेलावर अख्खा क्लच उघडतो. म्हणजे त्या पाइपात एक-दोन मिलिलीटर हवा शिरली तरी खेळ संपला. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता आणि तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो. म्हणून ते पेडल पायाला भिजलेल्या स्पंजसारखं लागतं.

'मऊ' हा शब्द मात्र आपण फार सैल वापरतो. मेकॅनिककडे जायच्या आधी स्वतःला नीट विचारा, नेमकं काय होतंय?

पेडल स्पंजसारखं आहे, आणि पंप मारल्यावर ताठ होतं? लाइनमध्ये हवा आहे. आणि हवा आपोआप जन्माला येत नाही. कुठून तरी तेल बाहेर गेलं म्हणून ती आत आली.

पेडल दाबून धरलं, सिग्नलला उभे आहात, आणि ते हळूहळू पायाखाली बसत चाललंय, गाडी गिअरमध्ये पुढे ओढू लागलीय? बाहेर कुठे थेंब दिसत नाही? मग संशय अप्परवर. आतला रबरी वायसर झिजला की तेल पिस्टनच्या बाजूने मागे पळतं. बाहेर गळतच नाही, त्यामुळे बाटलीतली पातळी शहाण्यासारखी जागच्या जागी दिसते आणि माणूस गंडतो.

सकाळी झकास, दुपारी वणी-मारेगावच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागे तासभर घासत चालल्यावर पेडल मऊ, रात्री पुन्हा ठीक? तेल जुनं झालंय, त्यात पाणी मुरलंय. याकडे मी परत येतो, कारण आपल्या जिल्ह्यात हे समजून घ्यायलाच हवं.

आणि पेडल मऊ नाही, उलट जड झालंय, किंवा ॲक्सिलेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही? तो वेगळा आजार. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलेटर दाबून बघा. इंजिनचे फेरे चढले आणि काटा तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. तेव्हा सेट टाका, बिनधास्त टाका. पण ते आणि हे एक नाही. सेट टाकायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, दिवसभराची मजुरी. भाड्याच्या गाडीवर घर चालतं त्याच्यासाठी तो महिन्याच्या हप्त्याचा प्रश्न असतो. आणि वाईट काय, तर अप्पर गळत असेल आणि सेट टाकला, तर जोडताना एअर काढतात, पेडल ताठ होतं, तुम्ही खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

गॅरेजवाल्यांवर दात खाऊ नका बरं का. सगळे फसवतात असं नाही. "परत आलो, तेच होतंय" हे ऐकून ऐकून काही जण थेट सगळंच बदला म्हणतात. गिऱ्हाईक मात्र 'क्लच खराब' एवढंच बोलून चहा प्यायला जातं. लक्षण नीट सांगितलं तर चांगला मेकॅनिक दहा मिनिटांत जागा शोधतो.

तर जागा कशी शोधायची? टॉर्च लागेल, मोबाइलचा चालेल. आणि एक पांढरा कागद किंवा टिश्यू.

आधी बॉनेट उघडून बाटली बघा. काही गाड्यांत क्लचची वेगळी छोटी बाटली असते, काहींत ब्रेकच्याच बाटलीतून एक बारीक नळी क्लचकडे जाते. यातली एक गंमत फार थोड्यांना माहीत असते. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ब्रेकच्या बाटलीतली पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण हायड्रॉलिक क्लचची प्लेट झिजते तेव्हा खालचा पिस्टन हळूहळू मागे ढकलला जातो, म्हणजे तेल उलट वर येतं. त्यामुळे क्लचची बाटली वेगळी असेल आणि पातळी उतरत असेल, तर "झिजेमुळे होतंय" हे उत्तर चालणार नाही. गळतंय. शोधा.

आणि बाटली ब्रेकची नि क्लचची एकच असेल तर? क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लचने तेल सांडलं तरी ब्रेकसाठी तळाशी साठा राहतो. इंजिनिअरने तेवढी काळजी घेतलीय. पण त्या भरवशावर पुसदचा घाट उतरायला जाऊ नका. पातळी उतरायचं कारण कदाचित ब्रेकचीच गळती असेल, ते तपासेपर्यंत तुम्हाला कळणार नाही.

मग ड्रायव्हरच्या बाजूला वाका. अगदी डोकं खाली घालून. पेडलपासून एक दांडा पुढे भिंतीत शिरतो, तिथे रबरी टोपी असते. बोट फिरवा. ओलं लागलं, किंवा खालची मॅट तेलकट झाली असेल, तर अप्पर गेला. संपला विषय.

तिथे कोरडं असेल तर गिअरबॉक्सकडे. लोअरवर पण रबरी बूट असतो. तो हळूच उचलला आणि आतून तेल ओघळलं तर लोअर गेला. पावसाळ्यानंतर आपल्याकडे हा जास्त बघा. काळी माती तुम्हाला माहीत आहे, पावसात चिकटते आणि उन्हात दगड होते. शेतरस्त्यावरून आलेली गाडी नुसती वरून धुतली की खाली त्या बुटावर मातीचा गोळा तसाच वाळतो, रबर चिरतं, धूळ आत जाते, पिस्टन खरवडतो. मधला पाइप आणि त्याचे जोडही बघून घ्या.

हे ब्रेकचं तेल ओळखायचं कसं? इंजिन ऑईल काळं आणि दाट असतं. हे पातळ, नवं असताना फिकट पिवळं, जुनं झालं की कोऱ्या चहासारखं. पाण्याने धुतलं की निघून जातं. आणि एक, हे गाडीच्या रंगावर पडलं तर रंग खातं. लगेच पाणी ओता, पुसत बसू नका. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

काही गाड्यांत लोअर बाहेर नसतोच, गिअरबॉक्सच्या घंटेच्या आत, बेअरिंगलाच जोडलेला असतो. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली हेच पातळ तेल ठिबकतं. तसं असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आणि उतरवलाच आहे, प्लेटही जुनी आहे, तर तेव्हा सेट टाकणं शहाणपणाचं. मजुरी एकदाच लागते. त्यामुळे 'सेट कधीच टाकू नका' असं माझं म्हणणं अजिबात नाही.

केबलवाल्यांसाठी थोडक्यात. मारुती ८००, आल्टो, ओम्नी, यांत तेल-बिल काही नाही. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तार. पेडल अचानक सैल पडलं तर तारेचे धागे तुटत आलेत, किंवा टोकाचा ॲडजस्टिंग नट सरकलाय, किंवा पेडलचा बुश खाल्लाय. नट आवळून एक-दोनदा सैलपणा काढता येतो. पण धागे तुटलेले दिसले तर आवळत बसू नका, त्याच दिवशी केबल बदला. ती तुटते तेव्हा पूर्ण तुटते.

आता ते पाण्याचं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी ठेवली की काय होतं? तसंच. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आता मे महिन्यातलं यवतमाळ डोळ्यांसमोर आणा, बाहेर पंचेचाळीस अंश, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीजवळून जाणारा क्लचचा पाइप, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी. तेलातलं पाणी वाफ होतं, वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडा, पेडल मऊ. थंड झालं की वाफेचं परत पाणी, आणि मेकॅनिकसमोर पेडल एकदम साळसूद. "कुठं काय झालंय?" तो विचारतो. ही फसवाफसवी तेल बदलल्यावर बहुतेक थांबते. साधारण दोन वर्षांनी तेल बदला असं बऱ्याच कंपन्या सांगतात, तुमच्या गाडीचं पुस्तक काढून बघा. क्लचचं तेल बदललेलं मला क्वचितच दिसतं. इंजिन ऑईलची तारीख स्टिकरवर असते, या बिचाऱ्याची कुणाला आठवणही नसते.

तेल कुठलं? झाकणावर लिहिलेलं असेल तेच. सीलबंद बाटली. घरात वर्षभर अर्धी पडलेली आहे ती नको, तिने ओल पिऊन ठेवलीय. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं तेल असतं, ते यात मिसळत नाही, नंबर मोठा म्हणून भारी समजून घेऊ नका. आणि इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल, काहीही झालं तरी टाकायचं नाही. त्याने आतली रबरं फुगतात, मग अप्पर, लोअर, नळी सगळंच बदलावं लागतं. अडल्या वेळी पाणी घालणारेही आहेत. आतून गंज धरतो, आणि तो खर्च पुढच्या महिन्यात येतो.

अप्पर किंवा लोअर गळत असेल तर दोन रस्ते. नुसतं वायसर किट टाकणं, किंवा पूर्ण सिलिंडर. किट स्वस्त पडतं, पण मेकॅनिकला सांगा, सिलिंडरच्या आत नख फिरवून बघ. गुळगुळीत असेल तर किट चालेल. खड्डे, गंज, ओरखडे लागले तर नवा वायसर महिनाभरात खाल्ला जाईल, तिथे पूर्णच टाका. जुना भाग मागून घ्या. भांडायला नाही हो, बघायला.

आणि मग एअर काढायची. हे काम घरी जमतं, दोघं लागतात. मोठा भाऊ पेडलवर, धाकटा खाली, किंवा उलट, ज्याचं पोट कमी तो खाली. (हशा) गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. गाडी उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. घोडी लावायची. यावर मी चेष्टा करणार नाही.

आधी बाटली नव्या तेलाने भरा. लोअरवर एक छोटी निप्पल असते, टोपी काढून त्यावर पारदर्शक नळी बसवा आणि नळीचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बाटलीत बुडवा. बुडलेलंच राहिलं पाहिजे. रिंग पाना लावा, साध्या पान्याने कडा गोल होतात. गंजली असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, जोर लावून मोडलीत तर काम चौपट.

वरचा हळूहळू दाबतो आणि ओरडतो, "दाबलं!" तो तसाच धरून ठेवतो. खालचा निप्पल पाव-अर्धा फेरा उघडतो. फसफस करत बुडबुडे येतात, वरचं पेडल खाली जातं. खालचा निप्पल बंद करतो आणि मग ओरडतो, "सोड!" आधी बंद, मग सोड. हा क्रम उलटा झाला की पेडल वर येताना तीच हवा परत ओढून घेतं आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच. पेडल आपणहून वर आलं नाही तर पायाच्या बोटांनी उचला. दर चार-पाच वेळांनी वरची बाटली बघा. ती रिकामी झाली तर वरून हवा शिरते, पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबले, स्वच्छ तेल आलं, पेडल ताठ लागलं, की निप्पल बेताने आवळा, टोपी घाला, सांडलेलं पाण्याने धुवा. निघालेलं तेल नालीत ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑईलसोबत द्या.

तपासायचं कसं? इंजिन चालू, हँडब्रेक, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. कर्रर्र नाही आलं तर बरं. मग न्यूट्रल करून पेडल मिनिटभर दाबून धरा, खाली बसतंय का बघा. बाटलीवर पेनने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा. खुणेखाली गेलं असेल तर गळती अजून आहे आणि तुम्ही फक्त चार दिवस विकत घेतलेत.

आता समजा हे सगळं ऐकायच्या आधीच रस्त्यात पेडल खाली गेलं. रात्रीची वेळ, गाडीत पेशंट, दारव्ह्यामार्गे यवतमाळच्या सरकारी मेडिकलला निघालात. आपल्याकडे हे काही सिनेमातलं दृश्य नाही, झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत रोज कुणाची तरी बोलेरो किंवा काळी-पिवळी असा पेशंट घेऊन निघालेली असते. पहिलं, गाडी बाजूला, चारही इंडिकेटर चालू. पेशंट गंभीर असेल तर गाडीशी झटापट नको, १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे पांढरकवड्याकडचा ४४ नंबर असो की कळंब-आर्णी-महागावचा तुळजापूर रस्ता, १०३३ हा मदतीचा नंबर आहे. मग पेडल बोटांनी वर उचलून पंप मारून बघा, थोडा जीव आला तर जवळच्या गावापर्यंत कमीत कमी गिअर बदलत जा.

अजिबातच जीव नसेल तर एक जुनी युक्ती आहे, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टर मारायचा, गाडी झटका देत निघते. फक्त रस्त्याच्या धोकादायक जागेतून बाजूला यायला. स्टार्टर आणि बॅटरी दोघांना मार बसतो, पुढे माणूस किंवा गाडी असेल तर अजिबात नाही, चढावर-घाटात नाही, आणि क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या नव्या गाड्यांत ती चालतच नाही.

तर दिग्रसवाले भाऊ, सेटचे पैसे तूर्त खिशात ठेवा. उद्या सकाळी गाडी थंड असताना पेडलमागची टोपी आणि लोअरचा बूट, दोन्हीकडे पांढरा कागद लावा आणि फोटो पाठवा. ओलं वर निघालं की खाली, ते पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच सांगतो. बाकीच्यांनीही आपापल्या गाडीची बाटली बघून पातळी कळवा, व्हॉइस नोट चालेल, फक्त गाडी उभी करून पाठवा. चला, भेटू.